वय वंदना कार्ड : काही महिने वापरल्यावर

सत्तरीपुढच्यांसाठी 29 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालेलं, आयुष्मान भारत योजनेत हॉस्पिटलमध्ये भरती होऊन मोफत उपचार मिळवून देणारं हे कार्ड घरात आलं की पहिला फरक पडतो तो बोलण्यात. ‘आता या वयात कशाला ऑपरेशन?’ म्हणत पट्टा बांधून हर्निया सांभाळणारे आजोबा तारीख कधीची मिळेल ते विचारायला लागतात. त्या ‘कशाला’मागे ऑपरेशनची धास्ती कमी, मुलांच्या खिशाला चाट बसेल ही जास्त.

कार्डासाठी उत्पन्नाचा दाखला नको, आधार पुरतं. घोडं अडतं ते ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवण्याला. बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन ठसा घेत नाही. आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद पडलेला. नंबर आधी बदलून घ्या, नाहीतर आयुष्मान ॲपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवा.

मधुमेह, रक्तदाब जुना असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण लागू. खासगी पॉलिसीत जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, त्यामुळे इथे हे कार्ड सरळ सरस. पण वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची मर्यादा माणशी नाही; नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून.

हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे एवढ्यावर निघू नका. हृदयविकारासाठी मान्यता असलेलं हॉस्पिटल हाडांसाठी यादीत असेलच असं नाही, तेव्हा आजाराचं नाव सांगून आधी फोनवर विचारा. तिथे आरोग्यमित्राला (योजनेच्या कामात मदत करणाऱ्या माणसाला) गाठा. ऑपरेशन आधीपासून ठरलेलं असेल तर योजनेची मंजुरी येईपर्यंत भरती होण्याची घाई नको. पॅकेजमधल्या, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या एकत्रित खर्चात धरलेल्या, गोष्टींचे वेगळे पैसे मागितले तर ‘लेखी द्या’ म्हणा (बरेचदा विषय तिथेच संपतो), नाहीतर योजनेच्या 14555 या हेल्पलाइनवर तक्रार करा. डिस्चार्जनंतरच्या 15 दिवसांची औषधंही पॅकेजात धरलेली असतात. ती न मागता हातात पडतीलच असं नाही, म्हणून घरी निघण्याआधी मागून घ्या.

खरी उणीव ओपीडीची. महिन्याच्या गोळ्या, साखरेच्या तपासण्या, डॉक्टरची फी, सगळं खिशातूनच, आणि म्हातारपणी रोजचा खर्च तोच. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) असेल तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. तिथे ओपीडी आणि औषधं मिळतात, म्हणून ते सोडून इकडे येऊ नये. खासगी पॉलिसी मात्र सोबत चालते, हप्ता झेपत असेल तर बंद करू नका. गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्र गाठा.