काढून टाकलेल्या दाव्याच्या तारखांचे पैसे मी वीस महिने भरत होतो

१९ फेब्रुवारी २०२४, सोमवार. मी एसटीत वाहक आहे, त्या दिवशी ड्युटीवर होतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीमुळे गाडी चौकाच्या अलीकडे पाऊण तास अडकली. खिशात वकिलाने दिलेली चिठ्ठी होती: ‘१९/२, स. ११, साक्ष’. अकरा वाजले तसं घड्याळात बघून मनात म्हटलं, आता आपला पुकारा झाला असेल. समोर भगवे झेंडे, ढोल, लेझीम. आणि शिवजयंतीला कोर्ट बंद असतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. संध्याकाळी फोन केला तर वकील म्हणाला, “समोरच्याने मुदत मागितली, पुढची तारीख कळवतो.” मी तिथल्या तिथे १,५०० रुपये जीपे केले.

हे आठवलं की अजून झोप उडते.

दावा साधा होता. २०१६ मध्ये प्लॉटचा सौदा ११ लाखांना ठरला, साठेखत (पुढे खरेदीखत करण्याचा करार) नोंदवलं, विसार म्हणून ६,५०,००० दिले. मालक खरेदीखत करून देईना, म्हणून २०१८ ला तालुक्याच्या कोर्टात दावा टाकला. वकिलाची फी ४०,००० रोख दिली. पावती मागितली नाही. मागायला हवी होती. पाच रुपयांचा हिशेब चुकला तर आम्ही वाहक खिशातून भरतो, आणि इथे मी चाळीस हजार कागदाशिवाय दिले.

तो दावा १४ जून २०२२ लाच काढून टाकला होता. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) शेरा आहे: वादी व त्यांचे वकील वारंवार पुकारूनही गैरहजर. प्रतिवादी मात्र हजर होता, म्हणजे त्याच कारणावरून नवा दावाही टाकता येत नाही. त्यानंतर माझ्या वकिलाने माझ्याकडून १७ तारखांचे २५,५०० घेतले, साक्षीपुराव्याच्या खर्चाचे १२,००० आणि कोर्ट कमिशनर जागा मोजायला येणार म्हणून १८,०००. एकूण ५५,५००, काढून टाकलेल्या दाव्यावर. मार्चमध्ये कायदा शिकणाऱ्या भाचीने ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाव टाकलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, “मामा, ही केस डिस्पोज्ड, म्हणजे निकाली निघालेली दाखवतेय.” ॲप फुकट आहे. वकीलपत्रावर सही केली की १६ अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मागून घ्या. देत नसेल तर तिथूनच उठा.

लोक म्हणतात, एकदा तरी कोर्टात जायचंस. गेलो होतो. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसच्या यादीत, नंबर दिसला नाही तेव्हा वकील म्हणाला, “आपलं जादा बोर्डावर आहे, तुम्ही कशाला रजा घालवता?” रजा मिळवायला काय करावं लागतं ते एसटीतल्या माणसालाच ठाऊक. आणि वकिलावर विश्वास ठेवायचा नाही तर ठेवायचा कोणावर?

आता दाद मागायची म्हणाल तर ऐका. पोलिस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा “दिवाणी बाब आहे”. दुसऱ्यांदा साहेब निवडणुकीच्या बंदोबस्तात. तिसऱ्यांदा अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. (अर्ज द्याल तिथे दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्याच.) एप्रिलमध्ये ग्राहक आयोगात तक्रार केली. २००७ साली राष्ट्रीय आयोगाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येते असं ठरवलं होतं. पण १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. वकील अशिलाच्या थेट नियंत्रणाखाली काम करतो, म्हणून तो ग्राहक कायद्याच्या बाहेर, असं निकालात म्हटलंय. माझं नियंत्रण? मला खरी तारीखसुद्धा कळत नव्हती! माझी तक्रार आल्या पावली परत.

उरलं ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५, म्हणजे वकिलांच्या बार कौन्सिलकडे तक्रार. तिथे निवाडा करणार वकीलच. ताकीद मिळेल, सनद (वकिलीचा परवाना) काही काळ स्थगित होईल, फार तर रद्द होईल. माझे पैसे त्यातून येत नाहीत. शिवाय नुसता हलगर्जीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये म्हटलंय. म्हणून तक्रारीत ‘निष्काळजी’ लिहू नका, ‘खोट्या तारखा सांगून पैसे घेतले’ असं लिहा, रकमेसकट, तारखेसकट. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा करता येतो, १९२६ चा कायदा तसं सांगतो. पण त्यात वकिलाची चूक दाखवून भागत नाही. त्या चुकीमुळेच नुकसान झालं, म्हणजे मूळ दावा मी जिंकलो असतो, हेही मलाच सिद्ध करायचं. आणि त्यासाठी वकील लागतो. आमच्या कोर्टाच्या बाररूममधल्या चौघा वकिलांनी “आपल्याच माणसाविरुद्ध नको” म्हणून हात वर केले. पाचव्या वकील बाई तयार झाल्या, त्या जिल्ह्याच्या गावाहून येतात.

जुन्या वकिलाकडे फाईल मागायला गेलो तर त्याने २२,००० मागितले. फीसाठी वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. ऐकतो कोण? साठेखत नोंदणीकृत होतं म्हणून दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळाली. नुसतं नोटरी केलेलं असतं तर हातात काहीच नव्हतं. मूळ कागद वकिलाकडे ठेवूच नका.

दावा पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. मला एकवीस महिने जास्त लागले, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज जोडलाय. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, हा १९८१ चा निकाल आमच्या बाईंनी दिला. समोरच्याने १९९३ चा दिला, की सगळं वकिलावर ढकलून पक्षकाराला सुटता येत नाही. “एकवीस महिने हे काय करत होते?” त्याने विचारलं. बाईंनी जीपेचे उतारे आणि १९/२ ची ती चिठ्ठी पुढे केली. न्यायाधीशांनी चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, “शिवजयंतीला?” अर्ज आदेशासाठी ठेवलाय.