मऊ वाळू, जड ट्रक आणि रिकव्हरी बोर्डांची जोडी
सामानासह सुमारे तीन टन भरणारा माझा फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक किनाऱ्यावरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत रुतला, तेव्हा रिकव्हरी बोर्डांची, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली सारायच्या दातेरी प्लास्टिकच्या फळ्यांची, ही जोडी प्रथमच कामी आली. चाकांपुढची वाळू फावड्याने उपसून, बोर्डाचे टोक टायरखाली घट्ट सारून, लो रेंजमध्ये (कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबल्यावर ट्रक एका दमात वर आला. चाक मात्र जागच्या जागी गरगरू देऊ नये, कारण घर्षणाच्या उष्णतेने बोर्डावरचे दाते वितळतात; माझ्या एका बोर्डाचे चार दाते पहिल्याच दिवशी गुळगुळीत झाले. ट्रक पुढे गेल्यावर बोर्ड वाळूत गाडले जातात, आणि ते शोधण्यासाठी टोकाला बांधायची दोरी सोबत मिळत नाही, ही उणीव मला खरोखर खटकली.

तरीही खरे काम टायरमधील हवेचे आहे. ३५ पीएसआयवरून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) १६ पीएसआयपर्यंत हवा उतरवली की टायर लांबट पसरतो, भार अधिक जागेवर विभागला जातो आणि बोर्डांची गरज क्वचितच पडते. एवढ्या कमी हवेवर वेगात वळण घेतल्यास टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरावीच लागते, म्हणून बोर्डांबरोबर चांगला कंप्रेसरही घ्यावा.