'आयसरला चान्स किती' सांगणारा साडेसहा हजारांचा रिपोर्ट, सांगलीतला आमचा अनुभव

बारावीच्या पोरांना करिअर काउन्सेलिंग करणाऱ्या सेंटरबद्दल लिहितोय, पण नाव टाकत नाहीये. विश्रामबाग, शंभर फुटी रोड या भागात अशी ऑफिसं बरीच झालीत आणि रिपोर्टचा साचा सगळ्यांचा थोड्याफार फरकानं सारखाच असतो, असं दोन-तीन पालकांचे रिपोर्ट बघितल्यावर लक्षात आलं. त्यामुळं हा रिव्ह्यू त्या रिपोर्टचा समजा. पुढच्या वर्षी ज्यांची पोरं बारावीला आहेत त्यांनी पैसे भरायच्या आधी वाचावा म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची थोरली २०२५ ला बारावी सायन्स झाली, पीसीएम ग्रुप आणि सोबत कॉम्प्युटर सायन्स. अकरावीपासून तिच्या डोक्यात एकच, आयसर (सायन्सचं शिक्षण आणि संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) पुणे, पाच वर्षांची बीएस-एमएस ड्युअल डिग्री. मी मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी आहे, तिची आई अंगणवाडीत, घरात याआधी सायन्सला कुणी गेलेलं नाही. पाहुण्यांचं एकच चाललेलं, घराजवळ वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज असताना पोरगीला पाच वर्षं नुसतं सायन्स कशाला. मला तिला नाही म्हणायचं नव्हतं, पण हे होण्यासारखं आहे का हे कुणीतरी जाणत्या माणसानं सांगावं असं मनापासून वाटत होतं, म्हणून मार्चमध्ये त्या सेंटरला गेलो. फी साडेसहा हजार. त्यात एक टेस्ट, एक रिपोर्ट आणि अर्ध्या तासाचं काउन्सेलिंग.

टेस्ट झाली आणि आठ दिवसांनी रिपोर्ट आला. गुळगुळीत कागद, बावीस पानं, पहिल्याच पानावर गाडीच्या मीटरसारखं चित्र आणि काटा हिरव्या भागात, खाली मोठ्या अक्षरात: आयसर पुणे, ७८ टक्के. खरं सांगतो, तो आकडा बघून आम्ही दोघं नवरा-बायको इतके खूश झालो की येताना गणपतीच्या देवळात जाऊनच घरी आलो.

रात्री पोरगी रिपोर्ट घेऊन बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पप्पा, ह्यात बायोलॉजीच धरलेली नाही."

मला आधी समजलंच नाही, मग तिनं समजावून सांगितलं. आयसरला जायला जी परीक्षा असते, आयएटी, तिच्यात ६० प्रश्न आणि तीन तास, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायोलॉजी प्रत्येकी १५, बरोबर आला तर ४ मार्क, चुकला तर १ वजा, एकूण २४०. बारावीला तुम्ही बायो घेतलेली असो-नसो, पेपर सगळ्यांना तोच आणि मार्क धरायचे ते २४० पैकीच. सेंटरनं मात्र तिचा ग्रुप पीसीएम बघून टेस्टमधून बायो काढून टाकली आणि १८० पैकी मिळालेल्या मार्कांची टक्केवारी काढून तीच पुढं ओढली. म्हणजे पेपरचा चौथा हिस्सा, ६० मार्क, हिशोबातच नाहीत! यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही, आणि इथं माझ्या पोरीच्या पाच वर्षांचा भाव ढीग लांबून बघून लावलेला.

एक सापडलं म्हटल्यावर मग दोन दिवस आम्ही दोघांनी सगळी पानं नीट वाचली. मागच्या वर्षांच्या क्लोजिंग रँकचा, म्हणजे शेवटची सीट कितव्या नंबरला गेली त्याचा, तक्ता होता, त्यात केव्हीपीवाय (केंद्राची सायन्सची स्कॉलरशिप परीक्षा) आणि जेईई ॲडव्हान्स्डचे रकाने होते. आता आयसरला पूर्वी तीन वाटांनी जाता यायचं हे खरंय, पण केव्हीपीवाय २०२२ मध्ये बंद झाली आणि २०२४ पासून आयसरचं बीएस-एमएसचं ॲडमिशन फक्त आयएटीवरच होतं. पूर्वी जागा तीन वाटांमध्ये वाटल्या जायच्या, आता सगळ्या एकाच यादीतून भरतात, मग त्यावेळची रँक आणि आत्ताची रँक शेजारी ठेवून सरासरी काढण्यात अर्थ काय? ह्यांनी तेच केलेलं.

आणि आमचं ओबीसी. रिपोर्टमध्ये ओबीसीची क्लोजिंग रँक धरून हिशोब केलेला, पण दाखला कुठला आहे हे एकदाही कुणी विचारलं नाही. आमच्याकडं राज्याचा नॉन क्रीमी लेयर होता, तीन वर्षांच्या मुदतीचा, सीईटीच्या ॲडमिशनला चालणारा. केंद्राच्या संस्थेला तो चालत नाही. जात केंद्राच्या यादीत असावी लागते, दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि तो त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. हे वेळेत कळलं नसतं तर ओबीसीचा धरलेला सगळा हिशोब ओपनमध्ये गेला असता. एप्रिलमध्ये सेतूला तीन हेलपाटे घालून मी तो काढला, पण हे साडेसहा हजार घेणाऱ्यानं पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं.

सगळ्यात घातक सल्ला मात्र शेवटच्या पानावर होता. आयसर सात आहेत, पुणे आणि कोलकाता २००६ ची, मग मोहाली, भोपाळ, तिरुअनंतपुरम, तिरुपती आणि सगळ्यात नवीन २०१६ चं बरहामपूर. रिपोर्टमध्ये लिहिलेलं की बरहामपूर 'सेफ' आहे म्हणून पसंतीक्रमात पहिलं टाका. असं केलं आणि पोराची रँक पुण्याला बसणारी आली तरी त्याला बरहामपूरच मिळणार, कारण वरनं बघत येताना जी पहिली बसेल ती सीट देतात. आवडीचं वर टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, हे आम्हाला नंतर कळलं, आणि किती पोरांनी असल्या सल्ल्यावर फॉर्म भरले असतील या विचारानं मला अजून वाईट वाटतं.

मी रिपोर्ट घेऊन परत गेलो. काउन्सेलर पोरगा वागायला चांगला, पण त्याचं एकच, "काका, सॉफ्टवेअर काढतं ते." पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले. आता इथवर वाचून तुम्ही म्हणाल एक स्टार द्या आणि सोडा. पण त्याच ऑफिसात मागच्या खोलीत एक सर बसतात, ज्युनिअर कॉलेजातनं रिटायर झालेले, फिजिक्सचे, आठवड्यातनं दोनच दिवस येतात आणि त्यांचं नाव ना बोर्डावर आहे ना पत्रकावर. माझा आवाज वाढलेला ऐकून ते बाहेर आले आणि म्हणाले, "पोरीला घेऊन या, मॉकची, म्हणजे सराव परीक्षांची, कागदं आणा, सगळी."

सहा मॉक नेल्या. त्यांनी एकूण मार्क बघितलेच नाहीत, शिसपेन्सिल घेऊन प्रत्येक मॉकमध्ये बरोबर किती, चूक किती, सोडलेले किती एवढंच आमच्याच रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला लिहीत गेले. मग दोन मॉकवर बोट ठेवलं. एकीत तिनं ५२ प्रश्न सोडवलेले, ३५ बरोबर १७ चूक, मार्क १२३. दुसरीत फक्त ४१ सोडवलेले, ३५ बरोबर ६ चूक, मार्क १३४. तिला म्हणाले, "बाळ, दोन्हीकडं तुला येतंय ३५ च. इथं अकरा जास्तीचे सोडवलेस, त्यातनं एकही आला नाही, उलट अकरा मार्क गेले. चारातले दोन पर्याय खात्रीनं कापता आले तरच हात घाल, नाहीतर पुढं चल." पोरगी नुसती बघत राहिली. बावीस पानांत हे कुठंच नव्हतं.

चान्सचं विचारलं तर त्यांनी टक्के सांगितलेच नाहीत. म्हणाले, सहा मॉकमधली सगळ्यात कमी कुठली आणि सगळ्यात जास्त कुठली ते लिहा, मधली सोडून द्या, परीक्षेला यातलं कुठलंही येऊ शकतं हे धरून चाला. आणि रँक बघायची ती आयएटी एकटीच असलेल्या वर्षांचीच, आपल्याच कॅटेगरीची, आणि शेवटच्या राउंडची. कारण पहिल्या राउंडला वरची पोरं दोन-दोन ठिकाणी नाव अडवून असतात, आयआयटीच्या जागांचं वाटप (जोसा) झालं, बेंगलोरच्या आयआयएससीचं झालं (त्यांच्या चार वर्षांच्या बीएसलाही आयएटीचे मार्क चालतात) की ती सुटतात आणि यादी खाली सरकते. एवढं सगळं मांडून म्हणाले, कमीतली मॉक आली तर सातातलं एखादं मिळेल किंवा तेही नाही, जास्तीतली आली तर पुणे दारापर्यंत येतं, आत येईल का ते मी सांगणार नाही. त्या दिवशी घरी येताना माझं मन ७८ टक्क्यांच्या दिवसापेक्षा शांत होतं.

बायोचं त्यांनीच मार्गी लावलं. अकरावी-बारावीची एनसीईआरटी आणून दिली, स्वतःच्या नातवाची, आणि सांगितलं सगळं पुस्तक होणार नाही, जेनेटिक्स, पेशी आणि माणसाच्या शरीराचे धडे पक्के कर, बाकी वाचून ठेव. दीड महिना ती पहाटे पाचला उठून तेवढंच करायची. नेस्टचा फॉर्मही त्यांनीच भरायला लावला, भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस ह्यांची पाच वर्षांची इंटिग्रेटेड एमएस्सी त्या परीक्षेवर होते, सायन्सच करायचं पक्कं असेल तर हा दरवाजा उघडा ठेवावा म्हणाले. आम्ही तर ते नावही ऐकलेलं नव्हतं.

२५ मे २०२५ ला पुण्यात पेपर झाला. बायोचे पंधरापैकी नऊ सोडवले, सात बरोबर आले. मार्चच्या हिशोबानं तिथं काय असतं कुणाला माहीत.

पुणे नाही लागलं. थोडक्यात गेलं, पोरगी एक दिवस बोलली नाही. पसंतीक्रम आम्ही सरांच्या सांगण्याप्रमाणं निव्वळ आवडीनं लावलेला, पुणे, मग तिरुपती, मग बाकीची, आणि पहिल्या राउंडला भोपाळ आलं ते पुढच्या राउंडला बदलून तिरुपती झालं. बरहामपूर पहिलं टाकलं असतं तर तिथंच राहिली असती. तिरुपती का दुसरं, तर एक तिथले प्रोफेसर काय काम करतात ते तिनं वाचलेलं आणि दुसरं तिच्या आईसाठी, मिरजेवरनं हरिप्रिया थेट तिरुपतीला जाते, गाडी बदलायला लागत नाही. कॅम्पस गावाबाहेर येरपेडूला आहे, सोडून आलो तेव्हा बघितला, मोकळा आहे, पोरगी खूश आहे.

आता कुणी म्हणेल ७८ टक्के म्हणजे २२ टक्के न लागण्याचेही होतेच की, मग रिपोर्ट खोटा कसा. मान्य. पुणे लागलं असतं तरी मी हा रिव्ह्यू असाच लिहिला असता. माझी तक्रार निकालाबद्दल नाहीये, तो आकडा ज्याच्यावर उभा होता ते सगळंच चुकीचं होतं याबद्दल आहे. विषय एक कमी, वर्षं जुनी, दाखला न बघितलेला. असल्या आकड्यावर घरात निर्णय होतात, कुणी खूश होऊन अभ्यास सैल सोडतं आणि कुणाच्या पोरीला ३० टक्के दाखवलं तर बाप म्हणतो राहू दे, फॉर्मच भरू नको. हे दुसरं मला जास्त टोचतं. आमच्याच गल्लीत असं झालेलं आहे.

रिपोर्टला एक स्टार. काउन्सेलिंगला, म्हणजे मागच्या खोलीतल्या सरांना, पाच. रिपोर्ट न घेता फक्त सरांची वेळ मागितली तर देतात, त्याची फी वेगळी आणि बरीच कमी आहे, पण हे समोरून कुणी सांगत नाही, आपण विचारायला लागतं. सर सध्या मंगळवार आणि शुक्रवारी पाचनंतर असतात असं काउंटरवरच्या ताईंनी सांगितलं. जाताना शेवटच्या पाच-सहा मॉकची कागदं न्या, नुसते मार्क चालत नाहीत, कुठला प्रश्न सोडवला कुठला सोडला ते दिसायला पाहिजे, आणि ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस असाल तर दाखल्याची झेरॉक्सही सोबत ठेवा.