आईची चार पायांची काठी: घरात उत्तम, रस्त्यावर कठीण

आईचा उजवा गुडघा फारच धरायला लागला म्हणून लातुरातल्या एका सर्जिकलच्या दुकानातून चार पायांची ॲल्युमिनियमची काठी घेतली. हजाराच्या आत मिळाली. हलकी आहे आणि हात सोडला तरी उभी राहते. साधी काठी पडली की आईला ती उचलायला वाकावं लागायचं, ते आता सुटलं. हात सरळ खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी, एवढी उंची दुकानदारानं आईला उभं करून लावून दिली. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात धरायची, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून ही वस्तू ऑनलाइन मागवू नका, माणसाला दुकानात घेऊन जा.

घरातल्या वापराला पाचपैकी पाच.

बाहेर मात्र वेगळंच. चारही पाय एकदम टेकले तरच ही काठी भार पेलते. गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेत, 16 रस्ते येऊन मिळतात, चहूकडून गाड्या. तिथल्या जगदंबेच्या दर्शनाला निघालो, तर वाटेत फरशी कुठं वर, कुठं खाली. "हिचे तीनच पाय टेकायलेत गं," म्हणत आईनं माझा दंड धरला. दुकानांपुढचे उतार तर गाडी चढवायला केलेले, उभेच्या उभे. केंद्राच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत उताराचं प्रमाण 1:12 दिलंय, म्हणजे सहा इंचाच्या कडेला सहा फूट लांबी. एवढी जागा कुणी सोडलेली मला तरी दिसली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 मध्ये 33 शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. त्यात दिल्ली आणि उदयपूरही होती. सपाट पदपथ, बसायला बाक, स्वच्छतागृह, अशाच साध्या मागण्या त्यात आहेत. माझी आईही हेच मागते. तिला बाजारात स्वतःच्या हातानं भाजी निवडायची असते. रस्ते आखणाऱ्यांनी एकदा ही काठी हातात घेऊन गोलाईला फेरी मारावी, असं मला मनापासून वाटतं.

घेणाऱ्यांसाठी: घरात जिना असेल तर लहान बुडाची मागा, मोठं बूड पायरीवर मावत नाही. आणि खालचे रबरी बूट झिजले की लगेच बदला, गुळगुळीत झालेलं रबर ओल्या फरशीवर सरकतं.