उद्यमनगरातलं सस्पेन्शनचं एस्टिमेट: बेरीज बरोबर, हिशोब चुकीचा

मॅकफर्सन स्ट्रटची (पुढे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेली) साधी हॅचबॅक, लाखभर किलोमीटर पळालेली, खड्ड्यातून गेली की पुढून खडखड. अशा गाडीसाठी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मल्टिब्रँड गॅरेजने दिलेल्या एस्टिमेटची ही तपासणी. पार्टच्या किमतींत शिरत नाही, त्या कुठल्याही दुकानात विचारून पडताळता येतात. घोळ होतो तो मजुरीच्या तासांत.

कागदावर असं होतं: दोन्ही शॉकअब्सॉर्बर टॉप माउंट आणि बेअरिंगसह २.८, दोन्ही लोअर आर्म (चाक खालून सांगाड्याशी जोडणारा दांडा) २.४, लिंक रॉडची (गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या बारला जोडणाऱ्या दांड्याची) जोडी ०.८, टाय रॉड एंडची (स्टिअरिंगच्या दांड्याच्या चाकाकडच्या टोकाची) जोडी १.०, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) ०.६. एकूण ७.६ तास. हे दशांशातले तास आहेत, म्हणजे ०.१ तास ही ६ मिनिटं. २.४ म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं, दोन चाळीस नव्हे. काउंटरवर याच आकड्यावरून निम्मे वाद होतात.

ओळी सुट्या धरल्या तर यातला एकही आकडा अवाजवी नाही. पण प्रत्येक ओळीत गाडी वर घेणं, चाक काढणं, पुन्हा बसवणं धरलेलं आहे, आणि गाडी तर एकदाच वर जाणार. शॉकअब्सॉर्बर उतरवायचा तर ब्रेक होजचा क्लिप आणि एबीएसच्या वायरचा क्लिप सोडावा लागतो, लिंक रॉडचं वरचं टोक शॉकअबला असेल तर तेही सुटतं. मग लिंक रॉडसाठी उरतो बाजूला एक नट, त्याला ०.८ कशाला? जोडीचे ०.२ पुरेत. लोअर आर्मही चाक उघडं असताना निघतो, तिथे २.४ ऐवजी १.६. टाय रॉड एंड १.० ऐवजी ०.६. शॉकअब आणि अलाइनमेंट आहे तसं. बेरीज ५.८. म्हणजे १.८ तास, एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं, दोनदा मोजली गेली. हे मुद्दाम केलेलं असेलच असं नाही. संगणकात प्रत्येक पार्टला वेळ भरलेला असतो आणि तो नुसती बेरीज करतो. ओव्हरलॅप कापायचं काम माणसाचं, आणि ते झालेलं नव्हतं.

उलट जो वेळ खरोखर लागू शकतो, तो कागदावर नव्हताच. लोअर आर्मचा बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबराच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून धरतो. नट सुटतो, बोल्ट फिरतोही, पण नळीसकट. बाहेर काही येत नाही. गगनबावड्याच्या पावसात किंवा कोकणात सतत फिरणाऱ्या गाड्यांना हे हमखास. मग गंज सोडवणारं तेल मारून थांबायचं, नाहीतर ग्राइंडरने कापायचं आणि बोल्ट नवा टाकायचा. एका बाजूला तासभर सहज जातो. एस्टिमेटमध्ये एक ओळ हवी होती: बोल्ट जाम निघाल्यास बाजूला एक तासापर्यंत जादा, फोन करून विचारल्यावर. ती नसली की संध्याकाळी गाडी उघडी आणि मालक गॅरेजच्या दारात, दोघंही चिडलेले.

तपासणी मात्र चोख. चाक लटकत ठेवून वर-खाली धरून हलवलं, ते बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) आणि बेअरिंगसाठी. मग डावी-उजवीकडे धरून हलवलं, ते टाय रॉडसाठी. बुशला पहार लावून बघितलं. एक गोष्ट राहिली: डावी-उजवीकडची ढिलाई आतल्या रॅक एंडचीही (टाय रॉडच्या स्टिअरिंगकडच्या सांध्याचीही) असते. रबरी बूट हाताने दाबून दुसऱ्याने चाक हलवलं की कळतं. रॅक एंड गेला असेल तर नुसता टाय रॉड एंड बदलून आवाज जाणार नाही, आणि पुन्हा अलाइनमेंटचे पैसे.

लोअर आर्म पूर्ण बदलायचा की नुसते बुश, हा पर्याय त्यांनी आपणहून दिला. उद्यमनगरात प्रेसची वानवा नाही, त्यामुळे बुश स्वस्तात पडतो. पण आर्म काढण्या-बसवण्याचा वेळ तोच, वर प्रेसचे ०.३ ते ०.५ तास प्रत्येकी. बॉल जॉइंटही ढिला असेल तर पूर्ण आर्मच परवडतो. बुशच करायचे तर जुना काढण्याआधी आर्मवर खूण करायला सांगा. काही बुशच्या रबरात पोकळी असते आणि तिची दिशा चुकली तर नवा बुशही लवकर फाटतो.

प्रत्यक्ष कामात दोन गोष्टी पाहण्यासारख्या. स्प्रिंग आधी कंप्रेसरने आवळली, वरचा मधला नट नंतर सोडला. उलटं केलं तर स्प्रिंग उडते, त्यात जीवही जाऊ शकतो. नवीन शॉकअबचा रॉड पक्कडीत धरून नट आवळणाऱ्यांपासून लांब राहा. क्रोमवर ओरखडा पडला की सील कापतं आणि काही महिन्यांत तेल गळतं. इथे रॉडच्या टोकाला अ‍ॅलन की लावली होती. दुसरी गोष्ट, लोअर आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते लावून ठेवले आणि चाकांवर वजन आल्यावर टॉर्क पान्याने आवळले. हवेतच आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि फाटतो. या एका पायरीला १० मिनिटं लागतात, आणि घाईत पहिल्यांदा तीच गाळली जाते. या गॅरेजला आम्ही सर्वांत जास्त गुण इथे देऊ.

अलाइनमेंटचे ०.६ तास कापायला सांगू नका. टाय रॉड एंडचे आटे मोजून बसवले तरी टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कोन) बदलतो, शॉकअबचे नकलकडचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाकडचे) दोन बोल्ट सोडले की कॅम्बरही (समोरून पाहता चाकाचा कल) हलतो. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागून घ्या. स्टिअरिंग सरळ रस्त्यावर तिरकं राहिलं तर पैसे देण्याआधी गाडी पुन्हा मशीनवर चढवायला लावा, त्याची वेगळी मजुरी होत नाही.