१८१ अभयम हेल्पलाइन, वडोदरा: शाळकरी मुलीचा पाठलाग होत असेल तर

२०१५पासून गुजरातभर चालणारी ही मोफत सेवा २४ तास सुरू असते. फोनवर समुपदेशक बोलते. गरज पडली तर व्हॅन येते, सोबत महिला पोलीस असते. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या घरांत ‘बोभाटा नको’ म्हणून फोनच टाळला जातो. खरं तर पोलीस ठाण्याआधी पाठलाग करणाऱ्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना समज देता येते, हीच हिची मोठी जमेची बाजू.

पुरावा मात्र आधी जमवा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ तिन्ही दिसायला हवं. ते झाल्याशिवाय चॅट डिलीट करू नका. क्लासच्या वाटेवर कुठे, किती वाजता, गाडीचा नंबर काय, हे त्याच दिवशी वहीत लिहा. ‘मला संपर्क करू नकोस’ एवढं मुलीने एकदाच कळवावं, मग पूर्ण गप्प. वीस मेसेजनंतर चिडून एक उत्तर गेलं, की चिकाटी फळते असाच धडा मुलगा घेतो. मुलीच्या व्हॉट्सॲपचे लिंक्ड डिव्हाइसेसही, म्हणजे तिचं खातं आणखी कुठे उघडं आहे ते, तपासा.

हेल्पलाइन कमी पडते ती मुलाच्या बाबतीत. नकार पचवणं एका समजावणीत येत नाही. त्याला सलग समुपदेशन हवं, त्यासाठी सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. मुलगी १८ वर्षांखालची आणि हेतू लैंगिक असेल तर पॉक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम ११ लागतं, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. मुलगाही अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. धमकी आली तर समजावणीत वेळ न घालवता थेट ११२ हा आपत्कालीन नंबर लावा.