गिअरचा कॉम्प्युटर बदलला म्हणून ७६,७०० घेतले, डबा मात्र माझाच निघाला

७६,७०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भावकीच्या ग्रुपवर तो फुगत फुगत लाखाच्या वर गेलाय. हिशेब असा: स्कॅनिंग १,५००, नवीन टीसीएम म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ५८,५००, प्रोग्रामिंग ६,०००, गिअर ऑइल ७,२००, मजुरी ३,५००. यातले ४१,५०० यूपीआयने गेले आणि ३५,२०० रोख. या रोख पैशाकडे पुढे येतोच, कारण खरी गळचेपी तिथेच झाली.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. वकिलांनी बजावलंय, प्रकरण चालू असेपर्यंत नाव घ्यायचं नाही. हायवेलगत आहे, मोठा बोर्ड आहे, ‘सर्व ऑटोमॅटिक गाड्यांचे तज्ज्ञ’ असं त्यावर लिहिलंय, एवढं पुरे.

गाडी जुनी ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. डाव्या गुडघ्याचं दुखणं आहे, क्लच मारवत नाही म्हणून घेतली. उगाच चैन म्हणून नाही. आम्ही मालवण तालुक्यात समुद्राच्या अगदी काठाला राहतो. इथे लोखंडाच्या खिडक्या टिकत नाहीत, गाडीची काय कथा. पावसाळ्यात सकाळी गाडी काढली की कधीकधी डॅशबोर्डवर दिवा लागायचा, गिअरचा आकडा लुकलुकायचा आणि गाडी तिसऱ्यातच अडकून बसायची. उचल नाही, चढावर नुसती ओढाताण. बंद करून पुन्हा चालू केली की बरी व्हायची. जाणकारांना ठाऊकच असेल, ही गाडीची लिम्प मोडची सोय आहे. कॉम्प्युटरला काही चुकीचं दिसलं की तो गिअर बदलायचं थांबवतो आणि एकाच गिअरमध्ये तुम्हाला घरापर्यंत नेतो. दिसलेलं ते चुकीचं नेमकं कुठे आहे, हाच शोधायचा भाग. आणि पैसे खाल्ले जातात तेही तिथेच.

गणपती तोंडावर. मुलगा, सून, नातवंडं कोकण रेल्वेने कुडाळला उतरणार, त्यांना आणायचं, मूर्ती आणायची, माटवीचं सामान आणायचं. अशा दिवसांत गाडी अशी वागली की माणूस समोर दिसेल त्या गॅरेजात शिरतो. हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं. श्रावण संपत आला की यांचे दरही चढतात आणि आवाजही.

गॅरेजातल्या पोराने स्कॅनर लावला. स्क्रीनवर तीन-चार कोड आले, मला वाचताही आले नाहीत इतक्यात त्याने बोट सरकवून एकच समोर ठेवला: पी०७००. मालक म्हणाला, “काका, तुमच्या गाडयेचो कॉम्प्युटर गेलो. गिअरबॉक्स वाचलो हा, नशीब समजा.”

आता मला समजलेलं सांगतो, आणि हे प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याने लिहून ठेवा. पी०७०० चा अर्थ ‘टीसीएम खराब’ असा नाही. टीसीएमने आपल्याकडे दोष नोंदवलाय आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला दिवा लावायला सांगितलंय, एवढाच त्याचा अर्थ. खरा दोष त्याच्यासोबत येणाऱ्या दुसऱ्या कोडमध्ये असतो. माझ्या गाडीत तो दुसरा कोड पी०५६२ होता, म्हणजे व्होल्टेज कमी. बॅटरी, अल्टरनेटर, अर्थिंग यांच्याकडे बघा असं गाडी स्वतः ओरडून सांगत होती. तोच कोड पोराने बोटाने सरकवला. हे मला नंतर कळलं, कारण नंतर दुसऱ्याने स्कॅन केल्यावर तोच पुन्हा आला. स्क्रीनचा फोटो काढा. सगळ्या कोडचा. दोष पुसू देऊ नका.

४०,००० ॲडव्हान्स दिले. “पार्ट मुंबईहून कुरियरने येतो” म्हणाला.

आता ते खोकं. रात्री झोप उडते ती त्या खोक्यामुळे. मला फोन आला, “पार्ट आज सकाळी इलो, बघूक येवा.” मी गेलो. काउंटरवर पुठ्ठ्याचं खोकं, वर बार-कोडची पट्टी, कंपनीचा शिक्का. मालकाने ते एका हाताने उचलून मला दाखवलं आणि तसंच मागच्या फळीवर ठेवलं. खोक्याच्या एका कोपऱ्यापासून झाकणापर्यंत कोळ्याचं जाळं होतं. बारीक, धुळीने करडं झालेलं, आणि त्यात एक मेलेलं चिलट. सकाळी कुरियरने आलेल्या खोक्यावर! मी ते पाहिलं. डोळ्यांनी नीट पाहिलं. मनात आलं, पावसाळ्यात कोकणात जाळी लागायला कितीसा वेळ लागतो, आमच्या देवघरात सकाळी काढलेलं जाळं संध्याकाळी परत असतं. मनाला अशी कारणं हातोहात मिळतात. उघडून दाखव म्हणावं, तर तेवढ्यात फोन वाजला, सुनेचा, तिकीट कन्फर्म झालं म्हणून. बोलून होईपर्यंत खोकं पडद्याआड गेलेलं होतं.

कोणी म्हणेल, तिथेच का नाही थांबवलंत? अहो, समोरचा ‘काका’ म्हणतोय, चहा मागवलाय, भिंतीवर गणपतीचा फोटो आहे, बाहेर पाऊस आहे. आणि पैसे भरून झालेत. ४०,००० देऊन झाल्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःवरच घ्यायचा, आणि ते कोणालाच जमत नाही. तुम्हालाही जमलं नसतं.

गाडी ताब्यात देताना बिल ७६,७००. “पक्क्या बिलावर जीएसटी लागेल काका, तुमचो फायदो म्हणान सांगतंय, उरलेले रोख द्या.” मी ३५,२०० रोख दिले. हातात आला तो कच्चा कागद: गॅरेजचं नाव नाही, नंबर नाही, फक्त आकडे आणि खाली रेघ. यावर हसणाऱ्यांनी आपल्या घरातली शेवटची पाच बिलं काढून बघावीत. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, तो कंपनीला एक्स्चेंजमध्ये परत जातो. पार्टचा पैसा तुम्ही पूर्ण भरला असेल तर जुना पार्ट तुमचा. एक्स्चेंज असेल तर त्याची सूट बिलात दिसली पाहिजे. माझ्या कागदावर कसली आलीय सूट.

गाडी गणपतीत सुरळीत चालली. गौरी जेवल्या, विसर्जन झालं, पाहुणे गेले आणि पहिल्याच जोराच्या पावसानंतर पुन्हा तिसरा गिअर, पुन्हा तोच दिवा. गॅरेजात फोन केला तर, “काका, आता गिअरबॉक्सच खोलूचो लागतलो, दीडेक लाख धरा.” दीड लाख!

मी गाडी त्यांच्याकडे नेली नाही. बंदरावर मच्छीमार बोटींचं वायरिंग करणारा एक इलेक्ट्रिशियन आहे, त्याला बोलावलं. गाड्यांचा तज्ज्ञ नव्हे, बोर्ड नाही, बनियनवर आला. पण खारं पाणी तांब्याचं काय करतं हे त्याच्याइतकं या किनाऱ्यावर कोणाला ठाऊक असणार? त्याने स्कॅनर लावण्याआधी बॉनेट उघडलं आणि मल्टिमीटर काढला. बॅटरी ठीक. मग मीटरची एक दांडी बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी टीसीएमच्या अर्थच्या वायरीला, इग्निशन चालू. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. दिसलं दोन व्होल्टच्या वर. म्हणजे कॉम्प्युटरला पुरतं व्होल्टेज मिळतच नव्हतं. ओल आली की आणखी कमी.

बॅटरीच्या ट्रेखाली अर्थचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, बोल्टने बसवलेला असतो, तो त्याने सोडवला. वरून काळा, उलटवला तर हिरवी बुरशीसारखी पूड. वायरीचं रबर ब्लेडने इंचभर कापलं, आत तांबं काळंठिक्कर. आणखी कापलं, अजून काळं. चांगलं लाल तांबं लागेपर्यंत वीतभर वायर गेली. मग त्याने टीसीएमच्या डब्यावर टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. “हो डबो कोणीच काढूक नाय. बोल्टार गंज बघा.” तिन्ही बोल्टांच्या डोक्यावर गंजाची अखंड साय, पान्याचा एकही ओरखडा नाही. त्यात कनेक्टरच्या कडेला उंदराने कुरतडलेली खाच. ती खाच मी ओळखली.

गेल्या पावसाळ्यात उंदराने वायरिंग खाल्लं होतं, तेव्हा विम्याच्या सर्व्हेयरने फोटो काढले होते. ते मेलमध्ये सापडले. डब्यावरच्या स्टिकरचा सीरियल नंबर त्यात स्पष्ट वाचता येतो. गाडीतल्या डब्याचाही तोच. ५८,५०० चा नवीन कॉम्प्युटर म्हणजे माझाच जुना, जागचा हललेलाही नाही. बहुतेक कनेक्टर काढून पुन्हा लावला, कोड पुसले, वायर जराशी हलली म्हणून गाडी तेवढे दिवस चालली. प्रोग्रामिंगचे ६,००० कशाचे, ते विचारूच नका. खरा नवीन टीसीएम बसवला तर त्यात गाडीचा चेसिस नंबर आणि सॉफ्टवेअर भरावं लागतं, तेवढा वेळ बॅटरीला चार्जर लावून ठेवतात, नंतर गाडी चालवून क्लच आणि गिअरचं लर्निंग करून घेतात. माझी गाडी कोणी लॅपटॉपला जोडल्याचंही मी पाहिलं नाही.

नवी वायर, नवा लग, वर व्हॅसलिनचा थर. ६५० रुपये. त्याने ६०० मागितले होते, ५० मी जास्तीचे दिले.

हे सगळं हातात घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. फोटो, यूपीआयच्या पावत्या, कच्चा कागद, इलेक्ट्रिशियनचं लिहून दिलेलं म्हणणं. बाकावर बसवलं. साहेब बंदोबस्तावर. पुन्हा गेलो, साहेब जेवायला. साहेब भेटले तेव्हा त्यांनी सीरियल नंबरचा फोटो पाहिलाच नाही, पहिला प्रश्न, “पक्कं बिल आहे का?” नाही म्हटल्यावर खुर्चीला टेकून, “मग काका हा दिवाणी मामला. ग्राहक आयोगात जा.” न बसवलेल्या वस्तूचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ त्यासाठीच आहे. ते मी म्हणालो तर साहेब हसले, “कलमं आम्हाला शिकवू नका.” तक्रारीची पोच मागितली तर शिक्का मारायला माणूस नाही. वर जाता जाता बाहेरचा हवालदार हळूच, “त्याच्याशी बोलून मिटवा ना, आपलाच माणूस आहे.” कोणाचा माणूस? माझा तर नाही!

वाहन खात्याच्या कार्यालयात म्हणाले, गाडी आमची, गॅरेज आमचं नव्हे. कंपनीच्या ग्राहक सेवेवर म्हणाले, गॅरेज अधिकृत नाही, आमचा संबंध नाही. शिक्का आमचा, खोकं आमचं, पण संबंध नाही. एका कार्यालयात अर्ज इंग्रजीत आणा म्हणाले, दुसऱ्यात मराठीत आणा म्हणाले. आयुष्यभर मी बँकेच्या काउंटरवर बसून लोकांना ‘ओटीपी सांगू नका’ म्हणत आलो. आमच्या काउंटरवरून असं कोणी माणसाला टोलवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला असता.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर तीच लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मी पाठवलीय. ग्राहक आयोगात दावा ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराचा असेल तर फी नाही, वकील बंधनकारक नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या होतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी तक्रार क्रमांक घ्या, तोही जोडता येतो.

रोखीच्या ३५,२०० चं काय, हा प्रश्न वकिलांनीही विचारला. कच्च्या कागदावरचे आकडे आणि व्हॉट्सॲपवर त्यानेच पाठवलेलं ‘टोटल ७६७००, बाकी ३५२०० कॅश’ हा मेसेज, एवढाच आधार. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलला तर बॅकअप घ्या. आणि दुरुस्तीआधी तुमच्या गाडीतल्या प्रत्येक महागड्या डब्याच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. गॅरेजवाल्यासमोर, त्याला दिसेल असा.

गॅरेजला नोटीस गेल्यावर मालकाचा फोन आला. २०,००० घ्या आणि विषय संपवा. मी सांगितलं, ७६,७०० आणि ६५०. त्याने फोन ठेवला. दुसरी नोटीस स्पीड पोस्टने पाठवली, ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आलीय. असं पाकीट परत आलं तर ते उघडू नका. तसंच बंद ठेवून आयोगापुढे द्यायचं असतं.